खुर्ची नाही, असं मी सांगितलं

आजवर हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. त्या दिवशी स्टेशनवर चाकांची खुर्ची होती. मी बायकोला नाही म्हणून सांगितलं.

आम्ही कडेगावकडचे. तीन वर्षांपूर्वी तिचे दोन्ही पाय लुळे पडले. तेव्हापासून तिचा एकच ध्यास, तिरुपतीला जायचं. माझा विश्वास दवाखान्यांच्या बाकड्यांवरच संपला होता. तरी निघालो. जंक्शन मोठं, गाडी पुलापलीकडच्या फलाटावर, लिफ्ट बंद. तिला बाकावर बसवून मी चौकशीच्या खिडकीशी गेलो. आतले साहेब म्हणाले, आधार कार्ड ठेवा, खुर्ची न्या, फलाटाच्या टोकाला उतार आहे. तेवढ्यात आमच्या साखर कारखान्यातले दोघं मागं येऊन उभे राहिले. बायको अशी झाल्याचं तिथं मी लपवलं होतं. खुर्ची ढकलताना त्यांनी मला बघावं, हे सोसवेना. तसाच परतलो, खुर्ची नाही म्हणालो.

"असू द्या," ती म्हणाली. "मी बसत बसत चढते."

हातांवर भार देत, पाठमोरी, ती एकेक पायरी चढू लागली. लोक तिला ओलांडून जात होते. ते दोघं वर पुलावर बोलत उभे. मी पिशव्या घेऊन दहा पायऱ्या पुढं जाऊन थांबलो, परक्यासारखा.

उकडलेल्या शेंगा विकणारी एक काटकुळी बाई तिच्यापाशी थबकली. "आगं ताई, तुज्यासंगं कुणी न्हाई व्हय?"

बायकोनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मी पिशव्यांकडं नजर वळवली. ती बाईला म्हणाली,

"मालक म्होरं गेल्यात, जागा धराया."

बाईनं पाटी कठड्याशी ठेवली, पदर खोचला आणि तिला पाठकुळी घेतलं. माझ्यापाशी आल्यावर म्हणाली, "सरा वं पाव्हणं, माणसाला वाट द्या."

मी सरलो. मागनं डब्यात चढलो, तेव्हा बायको जागेवर बसलेली होती आणि ती बाई निघून गेली होती.

तिरुपतीला दर्शन झालं, पाय काही आले नाहीत. पण 'बालाजी मला पुलावरच भेटला', असं ती येईल त्याला सांगते. मी मान डोलावतो. ती खरंच सांगत असेल. माझी जागा रिकामी होती, म्हणून त्याला यावं लागलं. तो आला, याबद्दल रोज हात जोडतो. त्याच्या पायी सगळं वाहावं म्हणतात. मी नारळ वाहिला, केस वाहिले, एवढं एक मागं ठेवलं.

खुर्ची होती, हे तिला अजून ठाऊक नाही. ते सांगून तिची माफी मागायची आहे. अजून मागितलेली नाही.