घरच्या पाण्याची बाटली

घरी बनवलेल्या बिअरची स्पर्धा असते आणि तिला परीक्षक लागतात, हे ऐकून मी फोनवरच हसलो. पण बोलावणारा हट्टाला पेटला होता. मी बिअरच्या कारखान्यात चव तपासून निवृत्त झालेला, राहायला पोशीरला, आणि स्पर्धा कशेळ्याच्या वाटेवरल्या एका फार्महाऊसवर. "काका, तुमच्यासारखी जीभ आम्हाला मिळायची नाही," म्हणाला. एवढं म्हटल्यावर मी कसला थांबतोय!

घरी मात्र सांगायची सोय नव्हती. बिअरचं नाव काढलं की बायको अजून तोंड फिरवते. "ओळखीच्याकडे पूजा हाय गं," असं ठोकून दिलं. सूनबाई आदल्या दिवशीच खालापूरला माहेरी गेली होती. बिस्किटाच्या कारखान्यातली नोकरी सुटल्यापासून घरात बसून तिचा जीव गुदमरत होता. "बाबा, मला परत कामाला लागायचंय," हे एकच पालुपद. मी चार ठिकाणी शब्द टाकून बघितला, कुणी हिंग लावूनही विचारलं नाही. परसातल्या खोलीत पिंपं मांडून ती तांदळाचं व्हिनेगर करायची, तेवढाच विरंगुळा. त्या खोलीत मी कधी डोकावलो नाही. व्हिनेगरच्या वासानं माझं नाक बिघडतं.

निघताना बायकोनं विहिरीच्या पाण्याची मोठी बाटली हातात दिली. मी कुठंही गेलो तरी घरचंच पाणी पितो. आमच्या विहिरीसारखं पाणी अख्ख्या तालुक्यात नाही, हे जेवायला बसलो की माझ्या तोंडून येतंच. गावातले काही जण तिला गंजकी विहीर म्हणतात. जळतात, दुसरं काय!

आम्ही चौघं परीक्षक एका टेबलावर. समोर नंबर लावलेले ग्लास. कुणाची बिअर कुठली हे कुणालाच ठाऊक नाही. एक घोट घ्यायचा, पाण्यानं चूळ भरायची, पावाचा तुकडा चघळायचा, कागदावर गुण लिहायचे. सगळ्यांचं लिहून होईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. पहिल्या येणाऱ्याला मुंबईतला एक बडा बिअरवाला नोकरीवर घेणार होता. त्यामुळे मांडवात बसलेली सगळी मंडळी देव पाण्यात घालून बसली होती.

नऊ नंबरचा घोट घेतला आणि मी हबकलोच. तांदळाची फिकट बिअर. कुठं आंबूस नाही, कुठं कडवट रेंगाळत नाही, आणि मागून नव्या तांदळाच्या भाताचा वास. घरात कुणी असं बनवतं? मी डोळे झाकून पन्नासपैकी पंचेचाळीस दिले.

कागद उघडले तर बाकी तिघांचे वीसच्या आसपास. तिघांचाही शेरा एकच, लोखंडी चव.

"लोखंड? कुठाय लोखंड?" माझा आवाज चढला. "उभी हयात ह्यात गेली माझी, तुम्ही मला शिकवणार?"

शेजारच्या पुण्याच्या परीक्षक मुलीनं बिअरचा थेंब मनगटावर चोळून माझ्या नाकाशी धरला. पाण्यात लोखंड असलं तर असं चोळल्यावर गंजलेल्या खिळ्याचा वास उठतो. ही युक्ती कारखान्यात मीच कितीजणांना शिकवलीय. मी हुंगलं. काही म्हणता काही नाही!

"एवढा फरक चालत नाही, काका. कुणीतरी वरखाली व्हायला हवं," प्रमुख परीक्षक म्हणाले. मी म्हटलं, मेलो तरी खाली यायचा नाही. मग तेच तिघं हळूहळू वर आले. माझ्या वयाकडे बघून आले की आवाजाला भिऊन, देव जाणे. नऊ नंबर तोवरच्या सगळ्यांच्या पुढे गेला. मी मिशीतल्या मिशीत हसलो.

तेवढ्यात त्या मुलीचं पाणी संपलं. "काका, तुमचं घेऊ?" म्हणत तिनं माझी बाटली उचलली, एक घोट घेतला आणि तिचा चेहराच बदलला.

"काका, हे पाणी कुठलं?"

"आमच्या विहिरीचं. का?"

"नऊ नंबरमधलं लोखंड हेच आहे."

सकाळपासून मी ह्याच पाण्यानं चुळा भरत होतो. आयुष्यभर हेच पीत आलो होतो. मला लोखंड लागणार कुठून? आणि आमच्या विहिरीचं पाणी त्या बिअरमध्ये आलं कसं? तांदूळ... परसातली पिंपं... अरे देवा! मी मान वळवून मांडवात बघितलं. खांबाआड, डोक्यावरून ओढणी घेतलेली सूनबाई माझ्याकडेच बघत होती, पांढरीफटक.

गप्प बसलो असतो तर नोकरी तिला मिळाल्यातच जमा होती. पण बोललो. "नऊ नंबर माझ्या घरचा दिसतोय. मला आत्ता कळलं. माझे गुण काढा." माझे काढल्यावर बाकीच्यांनी आपले मूळचे गुण परत लिहिले. नऊ नंबर बाद झाला. माझी बाटलीही त्यांनी बाजूला ठेवली, आणि पुढचे सगळे ग्लास मी विकतच्या पाण्यावर तपासले.

संध्याकाळी रस्त्यावर आम्ही दोघं जीपची वाट बघत उभे होतो.

"तू खालापूरला होतीस ना गं?"

"आणि तुम्ही पूजेला."

मला हसू येईना. "अगं, एवढी सुरेख बिअर केलीस, मग विकतचं पाणी का नाही घेतलंस?"

तिनं माझ्याकडे नवलानं बघितलं. "बाबा, लग्न होऊन आले तेव्हा मला लागायची ती लोखंडाची चव. पण तुम्ही रोज ताटावर सांगायचा, असं पाणी तालुक्यात नाही. तुमच्यासारखा माणूस सांगतोय म्हटल्यावर वाटलं, माझीच जीभ खोटी."

मी परत घेतलेली घरची बाटली उघडून एक घोट घेतला आणि तो गिळवेना. जन्मात पहिल्यांदा मला आमच्या विहिरीचं लोखंड लागलं.