आप्पांची दोन दाती शेळी

आमच्या शेळीपालक कंपनीचे चेअरमन आप्पा एरवी कधी खोटं बोलत नसत. पण कंपनीसाठी माणूस निवडायची वेळ आली की धादांत खोटं बोलत, आणि तेही एका शेळीच्या समोर उभं राहून.

त्या खोट्याचा प्रसाद मलाही मिळाला. सिरसाळ्याजवळच्या पत्र्याच्या दोन खोल्यांत आमचं ऑफिस. अंबाजोगाईला शिकून, कागदपत्रांची जाडजूड फाईल घेऊन मी मॅनेजरच्या मुलाखतीला गेलो होतो. आप्पांनी फाईल उघडलीच नाही. खांद्यावरची घोंगडी सावरत ते मला मागच्या अंगणात घेऊन गेले आणि एका शेळीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बघ, दोन दाती हाय. लई गुणाची. कशी वाटती?"

"उत्तम," मी मान डोलावली.

आप्पांनी शेळीचा ओठ वर केला. दोन दाती म्हणजे कोवळी, दीडेक वर्षाची. हिचे तर खालचे आठही दात आलेले, म्हणजे पक्की जुळलेली, चार वर्षांच्या पुढची. मी शेळीवाल्याचा पोरगा, कंपनीचा सभासद, आणि तोंडात न बघताच हो म्हणून बसलो! नोकरी गेलीच म्हणून मी फाईल उचलली, तर आप्पा पोट धरून हसत होते. "बस बे. मॅनेजरनं हो म्हणलं तर एक वेळ चालतंय. संचालकानं म्हणलं तर कंपनी बसती."

हेच त्यांचं शास्त्र. चेअरमनला तोंडावर 'न्हाई' म्हणणारा माणूसच मंडळावर पाहिजे. मी संचालकपदासाठी शिक्षणाच्या अटी, अनुभवाचे रकाने असा छापील अर्ज करून त्यांना वाचून दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि म्हणाले, "समदं ठीक हाय. पण मान डोलवणारेच पाहिजेत तर शेळ्या काय कमी हायत आपल्याकडं? त्यांनाच घेऊ मंडळावर, चहा तरी पाजावा लागायचा न्हाई." ही परीक्षा बाहेर कशी फुटली नाही, याचं मला पुष्कळ दिवस नवल वाटे. मग उमगलं, नापास झालेला कोणत्या तोंडानं सांगणार?

माझ्या दुसऱ्या वर्षी मंडळावरची एक जागा रिकामी झाली आणि तालुक्याच्या एका पुढाऱ्यानं आपल्या भाच्याला पुढं केलं. भाचा पांढऱ्या गाडीतून आला. आप्पांनी शेळी दाखवली. "वा आप्पा, दोन दाती म्हणजे दोन दातीच!" म्हणून त्यानं शेळीसोबत फोटोसुद्धा काढला. दुसरी उमेदवार कौसाबाई. वीस शेळ्या एकटीनं सांभाळणारी बाई. तिनं आप्पांचं बोलणं पुरं व्हायच्या आत शेळीचं तोंड उघडलं. "आप्पा, ही जुळलेली हाय. दोन दाती कावून म्हणता? डोळे तपासा की."

आप्पांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी नातवाच्या बारशालाही पाहिला नव्हता.

वार्षिक सभेला पुढाऱ्याच्या जीपा भरभरून आल्या. संचालक शेवटी सभासदच निवडणार, त्यामुळे माझा जीव नुसता खालीवर होत होता. आप्पा उठून एवढंच म्हणाले, "या बाईनं मला तोंडावर खोटं पाडलंय. मला अशी पाहिजे. फुडं तुमची मर्जी." हात वर झाले. मी एकदा मोजले, खात्री पटेना म्हणून पुन्हा मोजले. कौसाबाई निवडून आली होती! पहिल्याच बैठकीत तिनं आप्पांचा टेम्पो घ्यायचा ठराव हाणून पाडला. हरून इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

अशी चार वर्षं गेली. कंपनीची प्रत्येक शेळी चेअरमनच्या नजरेखालून घ्यायची, हा आप्पांचाच नियम. एकदा सिरसाळ्याच्या बाजारात एका शेळीचा ओठ वर करून ते म्हणाले, "दोन दाती हाय. घे."

मी वाकून बघितलं आणि हसलो. "जुळलेली हाय, आप्पा. आता मी फसत नसतो."

आप्पा हसले नाहीत. त्यांनी दातांवरून हळूच बोट फिरवलं. एक, दोन, मग पुढचे. माझं हसू जागीच विरलं. ती परीक्षा नव्हती. त्यांना खरंच दिसलं नव्हतं. परतताना दोघंही शेळ्यांच्या भावाबद्दल बोलत राहिलो.

त्याच वर्षी त्यांची मुदत संपत होती. बिनविरोध निवडायचं असं सगळ्यांनी ठरवलेलं. सभेच्या दिवशी सकाळी मी सतरंज्या घालत होतो, तर आप्पांनी मला मागच्या अंगणात बोलावलं. हातातली सतरंजी तशीच घेऊन मी गेलो. तीच जागा. शेळी मात्र नव्हती.

"समदे म्हणतेत अजून पाच वर्षं राहा. राहू का बे? नजर ठीक हाय ना माझी?"

ज्या माणसानं मला उभं केलं, त्याला काय सांगायचं? डोलवायला मान तर केव्हाचीच तयार होती.

"न्हाई, आप्पा," मी म्हणालो. "आता नका राहू."

त्यांनी माझ्या पाठीवर असा रट्टा मारला की मी सतरंजीसकट पुढं गेलो. "चल! आज तुझं नाव सुचवतो मंडळावर. मॅनेजर दुसरा बघू." ते मोकळं हसत होते. मला मात्र रडू आवरेना.

माझी निवड झाली, कौसाबाई चेअरमन झाली. आप्पा सभासदांत खाली मांडी घालून बसले होते. शेवटी मी ठराव वाचला, की आप्पांना कंपनीचं तहहयात मानद अध्यक्ष करावं. टाळ्यांचा कडकडाट झाला, सगळ्या माना डोलल्या. मी 'एकमताने मंजूर' लिहायला पेन टेकवलं.

"थांब बे," सतरंजीवरून आवाज आला. आप्पांनी हात वर केला होता. "माझं न्हाई म्हणून लिही."

मी लिहिलं.