नळातला अंगठ्याएवढा गवई

पाण्याच्या दिवशी घरातून कुणी हलायचं नाही, हा आईचा नियम होता. जायकवाडीचं धरण आटत चाललेलं आणि शहर मात्र करमाडच्या दिशेने बेफाम पसरत सुटलेलं. आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही त्याच्या मर्जीने. म्हणून नळ सकाळपासून उघडाच ठेवायचा. पाण्याआधी पाइपातली हवा येते आणि नळ शीळ घालतो. शीळ ऐकली की हंडे, घागरी घेऊन धावायचं.

तोवर बसून करायचं काय? मी आणि माझा धाकटा भाऊ फासे टाकून गोष्टीचा खेळ खेळायचो. हा खेळ तो कॉलेजातून शिकून आला होता. एकाने गोष्ट सांगायची, इतरांनी त्यातली पात्रं व्हायचं, आणि पात्र जगतं की मरतं ते फाशांवर. गोष्ट मी सांगायचे, आणि माणसं कमी म्हणून एक तलवारबाज बाईही मीच व्हायचे.

लोक या खेळात योद्धे होतात, राक्षस होतात. हा झाला अंगठ्याएवढा गवई.

"आई यक्षीण, बाप गंधर्व," त्याने मला सांगितलं. "राहतो आपल्याच नळात."

पंख कांद्याच्या सालीचे. हत्यार नाही, नुसते सात सूर. एक सूर गायला की मरणारा माणूस उठून बसतो, पण तो सूर गवयाला पुन्हा कधी लागत नाही. नळाची शीळ म्हणजे त्याचा सा.

"असला दळभद्री गडी घेऊन जिंकणार कसा रे तू?"

"जिंकायचं कुणाला हाय, ताई? गायचंय."

नेमका खेळ रंगात यायचा आणि नळ वाजायचा. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "आला तुमचा गवई. उठा, हंडे लावा."

पुढच्या दुष्काळात भावाच्या किडन्या गेल्या. डॉक्टरांनी पाणीसुद्धा मोजून प्यायला सांगितलं. खेळ मात्र त्याने सोडला नाही. आम्ही त्याची खाट नळाजवळ आणून ठेवली. तिथून तो सूर उधळत राहिला. विहिरीत पडलेल्या म्हातारीसाठी एक, एका कुत्र्यासाठी एक. मी चिडायचे. सूर असे कुणी कुत्र्यावर घालवतं का? शेवटी त्याच्याजवळ फक्त सा उरला.

त्या दिवशी फासे माझ्यावर उलटले आणि माझी तलवारबाज बाई पडली.

"गातो," तो म्हणाला.

"नको. मरू दे तिला. गोष्ट माझी आहे, मी दुसरी बाई आणते. तुझे सगळे सूर परत देते."

"नियम म्हंजे नियम, ताई. तू ऊठ."

आणि ओठांचा चंबू करून त्याने नळासारखी शीळ घातली. दम पुरला नाही, अर्ध्यातच खोकला आला. मला त्याचा भयंकर राग आला. अजून येतो. खोटी बाई वाचवायला कशाला घालवला त्याने तो सूर?

पुढच्या पाण्याच्या दिवशी तो नव्हता. नळ वाजला तेव्हा आम्ही दोघी जागच्या हललो नाही.

नंतर आम्ही शेंद्र्याकडे नव्या फ्लॅटमध्ये आलो. इथे गच्चीवर टाकी, टँकरने भरलेली. पहिल्याच सकाळी आईने सवयीने नळाखाली बादली ठेवली आणि वाट बघायला म्हणून नळ उघडला. पाणी लगेच आलं, मुकाट्याने. बादली भरली, वाहू लागली. भाजी धुतलेलं पाणीही जिने कधी फुकट घालवलं नाही, ती आई नळाकडे कान लावून उभीच.

"आई, बंद कर. भरली बादली."

"थांब जरा," ती म्हणाली. "अजून वाजला नाय."

माझ्याने नळाला हात लावला गेला नाही. पाणी मोरीभर झालं, तरी आम्ही दोघी तिथेच उभ्या होतो.