दूध बंद, तूप चालू

काटा साडेअठ्ठ्याऐंशीवर जाऊन थांबला. मागच्या शनिवारी तो अठ्ठ्याऐंशीवर होता.

"मॅडम, मशीन एकदा चेक करून घ्या," मिलिंद म्हणाला.

"मशीन सकाळीच चेक केलंय. आता तुम्हाला करते. उतरा खाली."

तो उतरला आणि समोरच्या खुर्चीत बसला. चेहरा एवढासा झालेला. माझं डोकं मात्र तापलं होतं. सव्वा महिना हा माणूस दर शनिवारी येत होता, मी सांगितलेलं सगळं करतो म्हणत होता आणि वजन खाली यायचं सोडून वर चाललं होतं.

मी तेव्हा पुण्यातल्या एका मोठ्या खासगी हॉस्पिटलमध्ये डाएटिशियन होते. म्हणजे रोग्याने काय खायचं ते ठरवायचं, आणि रोगी ते खात नाही म्हणून डॉक्टरांची बोलणी आपण खायची. हिंजवडीत नव्या कंपन्या उभ्या राहत होत्या आणि तिथली तरुण मुलं रांगेने माझ्याकडे यायला लागली होती. बहुतेकांना लग्नाआधी बारीक व्हायचं असायचं. मिलिंद वाघमारेचं तसं नव्हतं. तो एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड होता. विश्रांतवाडीहून कंपनीच्या बसने हिंजवडीला बसून जायचं, तिथे दिवसभर बसून काम करायचं आणि बसूनच परत यायचं. वजन वाढायला एवढं पुरतं. पण त्याला ते उतरवायचं होतं बहिणीसाठी.

थोरली बहीण सुजाता. शाळेत गणित शिकवायची. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि आठवड्यातून तीनदा घराजवळच्या एका छोट्या हॉस्पिटलात तिचं डायलिसिस चालायचं. वडील नव्हते, आईला मधुमेह. किडनी देऊ शकेल असा घरात एकटा मिलिंद. रक्तगट जुळला, बाकीच्या तपासण्या जुळल्या. अडलं वजनापाशी. देणारा जाड असला तर त्याचंच ऑपरेशन धोक्याचं होतं, शिवाय पुढचं आयुष्य त्याला एका किडनीवर काढायचं असतं. आमच्या सर्जननी साफ सांगितलं होतं की चौऱ्याऐंशी किलोच्या आत आला तर त्याला टेबलावर घेईन, नाहीतर नाही.

ऑपरेशनला सहा आठवडे राहिले होते. त्यातच सुजाताची हाताची शीर कुरकुर करायला लागली होती. डायलिसिससाठी हातातली एक शीर छोटं ऑपरेशन करून मोठी करतात आणि त्यातून रक्त मशीनला जोडतात. तिची एक शीर आधीच बंद पडली होती, आता दुसरी. म्हणजे तारीख पुढे ढकलू म्हणायची सोय नव्हती.

"काल काय खाल्लं?" मी विचारलं.

"घरचंच, मॅडम. बाहेरचं एक घास नाही. ऑफिसमध्ये पिझ्झा आला होता, मी उठून गेलो. आणि दूध तर पूर्ण बंद. दूध, दही, ताक, पनीर, काही नाही. यंदा बुद्धपौर्णिमेला आमच्याकडे दुधाची खीरसुद्धा झाली नाही."

"दूध मी कधी बंद केलं तुमचं?"

"तुम्ही नाही. आई म्हणाली बंद. शिवाय ऑफिसात एक मेल फिरतोय, दूध सोडलं की वजन उतरतं असा. आणि तुमच्याकडे यायच्या आधी, दूध सोडल्याच्या पहिल्या महिन्यात उतरलं की मॅडम, तीन किलो."

"मेल कुणी लिहिलाय?"

"ते नाही माहीत. फॉरवर्डेड होता."

"आणि तूप?"

"तूप चालू आहे."

मी पेन खाली ठेवलं. "दूध बंद आणि तूप चालू? हे कुठल्या मेलमध्ये आहे?"

"आई म्हणते, तूप चालतं."

मला काही कळेना. वजनासाठी तूप सोडून दूध घेणारे मी ढिगाने पाहिले होते. उलटं करणारा हा पहिलाच. खरं सांगते, हा खोटं बोलतोय असंच मला वाटलं. मी म्हटलं, "सोमवारी तुमचा डबा घेऊन या. आणि डबा करणाऱ्या आईंनाही."

तेवढ्यात सर्जन आत डोकावले. "काय अत्तार, किती?"

"साडेअठ्ठ्याऐंशी, सर."

"उतरवताय की चढवताय?" म्हणाले आणि निघून गेले.

सोमवारी तिघं आली. आई शालिनीताई सरकारी ऑफिसातून सुपरिंटेंडेंट म्हणून निवृत्त झालेल्या, इस्त्रीची साडी, ताठ पाठ. सुजाता भिंतीला टेकून बसली, हाताला पट्टी. मिलिंदने डबा उघडला. पांढरा भात. दुधीची भाजी, पार पांढरीफटक पडलेली. पांढऱ्या ब्रेडला जॅम. तळाच्या पुड्यात पाण्यात शिजवलेली साबुदाण्याची खीर, साखर सढळ, वर तुपाचा थर.

मी चमच्याने दुधीची भाजी चाखली. मीठ जवळजवळ नव्हतंच. भाजी आधी उकळून तिचं पाणी फेकून दिलेलं होतं.

चमचा ठेवून मी सगळे पुडे पुन्हा एकदा बघितले. हा डबा मी ओळखत होते. गेली कित्येक वर्षं मी हा डबा स्वतः लोकांना सांगत आले होते. हा किडनीच्या पेशंटचा डबा होता.

"आई, हे जेवण कुणाचं?"

"सगळ्यांचं," शालिनीताई शांतपणे म्हणाल्या. "सुजाताला डायलिसिसच्या हॉस्पिटलातल्या डाएटिशियन बाईंनी सांगितलं तेच घरात शिजतं. अंड्याचा पांढरा भाग तेवढा एकट्या तिचा, तो औषधासारखा. बाकी जे तिला चालत नाही, ते घरात कुणालाच नाही."

"पण का?"

"पोरगी पाणीसुद्धा मोजून पिते, मॅडम. तिच्यासमोर बसून आम्ही दहीभात कसा कालवायचा? आणि घरात नियम एकच असावा. माणसागणिक बदलला तर तो नियम कसला?"

आता हे सोपं करून सांगते. दुधात फॉस्फरस नावाचं एक द्रव्य भरपूर असतं. हाडांना ते लागतं. जास्तीचं झालं की किडनी बाहेर टाकते. किडनीच बंद असेल तर ते रक्तात साठतं, अंगाला खाज सुटते, हाडं ठिसूळ होतात. म्हणून अशा रोग्याचं दूध, दही, पनीर तोडतात. तुपात ते जवळजवळ नसतं, म्हणून तूप चालतं. डाळी, पालेभाज्या, भाकरी यांवरही बंधनं येतात, मीठ कमी होतं, आणि भाज्यांतलं पोटॅशियम निघून जावं म्हणून त्या उकळून पाणी फेकतात. मग इतकं सगळं तोडल्यावर माणूस खंगू नये म्हणून त्याला साखर, तूप, साबुदाणा, भात यांतून ताकद देतात. सगळी खटपट एकाच गोष्टीसाठी चाललेली असते, रोग्याचं वजन उतरू नये.

आणि ज्याचं वजन उतरायला हवं होतं, त्या मिलिंदला या माऊलीने प्रेमाने तेच जेवण दोन्ही वेळा वाढलं होतं.

मी हे सगळं सांगितलं. मग सुजाता म्हणाली, "म्हणजे मी याच्या किडनीची वाट बघतेय, आणि हा माझं जेवण जेवून जाड होतोय."

मला हसू आवरेना. मिलिंदही हसला. शालिनीताईंच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. "मला वाटलं, तिला एकटं वाटू नये," त्या म्हणाल्या.

सुजाताने आईचा हात धरला. "आई, उद्यापासून याला दही वाढ. माझ्यासमोर वाढ. मला वाईट वाटेल थोडं. तरी वाढ."

"मग मॅडम, नवा नियम सांगा," शालिनीताई डोळे पुसत म्हणाल्या.

"नियम नाही. दोन ताटं."

मिलिंदच्या ताटात मी भाकरी, मटकी, डाळ, पालेभाजी, उकडलेली अंडी घातली. सकाळी कपभर साय काढलेलं दूध, दुपारी वाटीभर दही, संध्याकाळी बसमध्ये बसण्याआधी पातळ ताक. साबुदाणा, जॅम, साखर बंद. बस दोन स्टॉप आधी सोडायची आणि चालत घरी यायचं.

तो घाबरला. "मॅडम, दूध? आता? आणि ते पहिले तीन किलो दुधामुळेच गेले ना?"

"ऑफिसात दिवसाला किती चहा घ्यायचात?"

"पाच-सहा. मशीनचा."

"साखर घातलेला. शिवाय टीमच्या पार्टीचं आइस्क्रीम. दूध सोडलंत तेव्हा हे सगळं सुटलं. वजन त्याने उतरलं, आणि मेलला फुकटचं क्रेडिट मिळालं. पुढे खिरीने सगळं भरून काढलं."

एवढ्या वर्षांत मला जे दिसलं ते सांगते. नुसतं दूध कुणाला जाड करत नाही की बारीक करत नाही. किती घेता, कशाबरोबर घेता आणि ते सोडून त्या जागी काय खाता, याने फरक पडतो. वाटीभर दह्याने पोट भरलेलं राहिलं आणि हात बिस्किटांकडे गेला नाही तर वजन उतरतं. तेच दही साखर घालून श्रीखंड झालं तर चढतं. काहींना दूध पचत नाही, त्यांनी खुशाल सोडावं, त्यांच्यासाठी दुसऱ्या वाटा आहेत.

पहिल्या शनिवारी मिलिंद काट्यावर चढला. सत्त्याऐंशी. मी जागच्या जागी टाळी वाजवली. बाहेर बसलेले पेशंट बघायला लागले. पुढच्या शनिवारी शहाऐंशीला थोडं वर. माझी झोप उडाली, पण आनंदाने. शनिवार कधी येतो असं मला शाळेत असतानाही झालं नव्हतं.

तिसऱ्या शनिवारी काटा हलला नाही. मिलिंदचा धीर सुटला. "मॅडम, दही बंद करू का?"

"बंद करायचीच खाज असेल तर लिफ्ट बंद करा."

त्याच दुपारी सर्जननी मला बोलावून घेतलं. "दही खाऊ घालून वजन उतरवताय म्हणे?"

"हो, सर."

"आणि उतरलं नाही तर?"

"तर तुम्ही तारीख रद्द करा आणि मला जे बोलायचं ते बोला. पण तोवर दह्याला बोलू नका."

बोलून गेले आणि बाहेर येऊन मिलिंदच्या ताटाची आकडेमोड पुन्हा तपासत बसले. सुजाताच्या हातातली शीर तेव्हा जेमतेम चालत होती. मी चुकले असते, तर भोगायचं तिने होतं.

चौथ्या आठवड्यात काटा पुन्हा हलला. मिलिंद लिफ्ट सोडून सातव्या मजल्यावर जिन्याने जायला लागला होता, आणि बघता बघता त्याची निम्मी टीमही. पाचव्या आठवड्यात तो चौऱ्याऐंशीच्या वर जेमतेम राहिला.

शेवटच्या शनिवारी खोलीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. शालिनीताई, सुजाता, दोन नर्स, आणि स्वतः सर्जन हाताची घडी घालून दारात. मिलिंदने बूट काढले, पट्टा काढला, घड्याळ काढलं, खिशातला मोबाइल आईकडे दिला. चढला. मी वाकून बघितलं. पुन्हा एकदा बघितलं.

"किती?" सर्जन म्हणाले.

"त्र्याऐंशी पूर्णांक आठ."

सर्जन पुढे आले, चष्मा लावून स्वतः काटा बघितला. मग मिलिंदच्या खांद्यावर हात ठेवला. "टेबलावर भेटू," म्हणाले. जाताना माझ्याकडे वळले, "दह्याला सांगा, बोललो ते मागे घेतो."

सुजाता रडत होती, मी रडत होते, नर्सही रडत होत्या. शालिनीताई तेवढ्या ताठ उभ्या होत्या.

ऑपरेशन छान झालं. नवी किडनी जोडल्याबरोबर, टेबलावरच लघवी तयार व्हायला लागली. ही बातमी थिएटरमधून वॉर्डात आणि वॉर्डातून कँटीनमध्ये किती वेगाने पोचली म्हणून सांगू. लघवी झाली म्हणून लोकांनी एकमेकांना पेढे भरवावेत, असं फक्त आमच्या धंद्यात होतं.

महिन्याभराने सुजाताच्या रिपोर्टमध्ये फॉस्फरस कमी आला. नवी किडनी सुरुवातीला तो जरा हात सैल सोडून बाहेर टाकते. मग सर्जनना विचारून मी तिला नीट उकळलेलं दूध सुरू केलं. इतक्या दिवसांनी दूध प्यायला मिळणार म्हणून ती लहान मुलीसारखी हरखली.

आठवड्याने शालिनीताईंचा फोन आला. "मॅडम, सुजाता रोज दोन ग्लास दूध घेते. आवडीने."

"वा, छान."

"मिलिंदलाही सुरू केलंय. तेवढंच, दोन ग्लास. साय न काढता. मीही घेते."

"अहो आई, त्याला कशाला? आणि तुम्हाला मधुमेह आहे ना?"

"घरात एकीने प्यायचं आणि बाकीच्यांनी बघत बसायचं, बरं दिसत नाही, मॅडम."

दुधाने वजन वाढतं का, असं मला अजूनही लोक विचारतात. मी म्हणते, दुधाचं मला माहीत आहे, तुमच्या घरी कोण कोण आहे ते आधी सांगा.