गाडीकडे तोंड करून

आमच्या गल्लीत कुणाच्याच घरी संडास नव्हता. बायकांनी उजाडायच्या आत जाऊन यायचं, कारण उजाडल्यावर ती जागा पुरुषांची. अमळनेरच्या अलीकडे, जिथे रूळ नाल्यावरून जाऊन वळतो, तिथे बाभळी होत्या. तेवढाच आडोसा. माय, शेजारची अक्का, गल्लीतल्या आणखी बाया आणि मायचा पदर धरून मी, अशा सगळ्या मिळून निघायचो. आणि नेमकी त्याच वेळेला जळगावकडून गाडी यायची.

इंजिनाचा दिवा वळणावर आला की सगळं शेत लख्ख व्हायचं. अक्काचे कान तिखट. तिला रुळाचा आवाज सगळ्यांच्या आधी कळायचा. ती ओरडायची, "ऊठा वं, गाडी उनी!" सगळ्या बाया उठून उभ्या राहायच्या. पाठ गाडीकडे, पदर तोंडावर. माय माझा खांदा धरून मलाही फिरवायची. शेवटचा डबा जाईपर्यंत तसंच उभं राहायचं, मग पोटात कळ असो की पायाखाली चिखल. गाडीतले लोक झोपलेले असतील, नसतील, आम्हाला काय माहीत? आम्ही कधी पाहिलंच नाही. लहानपणी मला गाडी माहीत होती ती एवढीच: पाठीवरून सरकत जाणारा उजेड.

माझे आईवडील लोकांच्या शेतात कामाला जायचे. घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, हे मी कुणी न विचारताही सांगते. लपवण्यासारखं त्यात काय आहे? जळगावला होस्टेलवर गेले तेव्हा पहिल्या दिवशी संडासाच्या दाराची कडी दोन-दोनदा लावून पाहिली. आणि जळगाव स्टेशनवर फलाटाच्या टोकाला उभी राहून मी पहिल्यांदा इंजिन समोरून येताना पाहिलं. मान फिरवली नाही. किती देखणी चीज असते ती! एवढी वर्षं आम्ही पाठ करून उभ्या होतो.

बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले, धुळ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. नोकरी लागल्यावर पहिलं काम केलं ते गावच्या घरामागे संडास बांधला. पक्का, आतून कडीचा. कॅमेरा त्यानंतर आला, तोही एका सहकाऱ्याचा जुना.

गावी गेले की पहाटे कॅमेरा घेऊन मी त्याच वळणावर जाते. रुळापासून लांब, दादर ज्वारीच्या बांधावर थांबते. सूर्योदयाच्या गाडीचा फोटो म्हणजे सोपं काम नाही. सूर्यासमोर कॅमेरा धरला तर इंजिन काळं ठिक्कर पडतं, सूर्य पाठीशी घेतला तर सगळं सपाट दिसतं. म्हणून मी सूर्य उजव्या हाताला ठेवते. तेव्हा डब्यांच्या कडा तांब्यासारख्या चमकतात आणि नाल्यावरचं धुकं गाडीच्या चाकांना चिकटल्यासारखं दिसतं. पण गाडी वेळेवर आली तर सूर्य उगवलेला नसतो, आणि सूर्य उगवून बसला तर गाडी लेट.

दूध घालायला निघालेले गावातले एक नाना सायकल थांबवून म्हणाले, "काय वं, गाडीनं लगीन शे का, फोटू काढी ऱ्हायनी?"

"हो नाना, सूर्याशी लावतेय. मुहूर्तच जमत नाही."

शेवटी एका हिवाळ्यात जमला. ते फोटो मी शाळेत दाखवले. एक मॅडम म्हणाल्या, "किती सुंदर! कुठली जागा ही?"

मी म्हटलं, "आमच्या बायकांची परसाकडची."

मॅडमनी फोटो पटकन टेबलावर ठेवला. मला हसू आलं, पण घरी येऊन फोटो परत पाहिला तेव्हा वाटलं, अरे, यात गाडी आहे, ऊन आहे, ज्वारी आहे, आणि ज्यांची ती जागा त्याच नाहीत. तिथे मायला गाडीकडे तोंड करून उभं करायचं, आणि तोच फोटो काढायचा, असं मी ठरवून टाकलं.

माय म्हणाली, "त्या जागावर आते कसाले? सुटनूत ना आपण." तिचं बरोबरच होतं. मी खूप मनधरणी केली, तेव्हा आली. चांगलं लुगडं नेसून आली. मी तिला बांधावर उभं केलं आणि कॅमेरा लावला. वळणावर हॉर्न वाजला. इंजिन उन्हात आलं, अगदी हवं तसं, आणि त्याच क्षणी माय गर्रकन फिरली. पाठ गाडीकडे, पदर तोंडावर. गाडी निघून गेली तरी ती तशीच उभी.

"माय, अगं फिरलीस का?"

"मी कोठे फिरनू? पायच फिरनात." मग पदर खाली घेऊन ती म्हणाली, "एकली कशी उभी ऱ्हासू मी तठे? त्या जागावर एकली कधी गयीच नही मी."

मी कॅमेऱ्याचा, उन्हाचा, गाडीच्या वेळेचा सगळा विचार केला होता. हा केला नव्हता. तिथे जायचं ते मिळून, हाच तर आमच्या बायांचा रिवाज.

पुढच्या रविवारी मायनेच निरोप फिरवला. काठी टेकत अक्का आली, आणखी दोन जणी आल्या. चौघी बांधावर उभ्या राहिल्या, उगवत्या सूर्याकडे, म्हणजेच गाडी येते तिकडे तोंड करून. नानांची सायकल नेमकी तेव्हाच आली. "आते कसाले उन्यात वं? घरमा संडास नही का?"

अक्का म्हणाली, "शे ना! आते गाडीले तोंड दखाडाले उनूत."

नाना हसत पुढे गेले. अक्काचे कान अजून तिखट. मला काही ऐकू यायच्या आत ती जुन्याच आवाजात ओरडली, "ऊठा वं, गाडी उनी!"

सगळ्या आधीच उभ्या होत्या. म्हणून तर हसू फुटलं. एकीने दुसरीला कोपर मारलं, तिसरीने पदर तोंडाला लावला, पण तो हसू दाबायला. उजवीकडून इंजिन आलं. मी मायकडे पाहत होते. तिचे पाय जरासे हलले. अक्काने तिचा खांदा धरला, जसा माय माझा धरायची, पण फिरवायला नाही. माय थांबली. हॉर्न वाजला आणि मी बटण दाबलं.

फोटो मोठा करून आमच्या घरात समोरच्या भिंतीवर लावला आहे. त्यात सूर्य उगवलेला आहे, गाडी वळणावर आहे, आणि माझी माय गाडीकडे तोंड करून उभी आहे.