सुरीची मूठ समोरच्याकडे

मला राग लवकर येतो हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे चाळिशीत मी कराटे शिकायला लागले, तेव्हा नवरा एवढंच म्हणाला, "आता आमचं काही खरं नाही."

खरं तर वर्गात घातलं होतं लेकीला. ती तेव्हा सहावीत होती. आमच्या इंदिरानगरातल्या सोसायटीच्या हॉलमध्ये संध्याकाळी वर्ग भरायचा. पोरीनं पिवळा पट्टा मिळवला आणि "आई, बोअर होतं" म्हणून सोडून दिलं. मी तिला सोडायला जायचे तेव्हा भिंतीशी उभी राहून बघायचे. एक दिवस सर म्हणाले, "ताई, उभं राहून पाय दुखवण्यापेक्षा हलवून दुखवा की." झालं. पोरगी सुटली आणि मी अडकले. आज माझ्या कमरेला तपकिरी पट्टा आहे आणि गुडघ्याला मेडिकलमधला.

सर सातपूरच्या कारखान्यात पहिली पाळी करून यायचे. माणूस सरळ. हवेत लाथा मारून कुणी वाचत नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकायचे. "बाहेर कुणी सुरी काढली तर मोबाइल द्या, पर्स द्या आणि पळा. मोबाइल दुकानात मिळतो. आणि 'वाचवा' म्हणून ओरडू नका, लोक खिडक्या लावून घेतात. 'आग लागली' म्हणा, सगळे बाहेर येतात." मी मान डोलवायचे, पण हे भित्र्या लोकांसाठी असणार अशी माझी समजूत होती. मी काय भित्री आहे?

माझा जीव रमायचा सुरीच्या सरावात. माझे जोडीदार म्हणजे कोपऱ्यावरचे मेडिकलवाले दादा. ते लाकडी सुरी घेऊन अंगावर यायचे. मी बाजूला सरकायचे, मनगट धरून पिरगाळायचे, सुरी काढून घ्यायचे. मग सुरीची मूठ त्यांच्याकडे करून ती परत द्यायची, कमरेत थोडं वाकायचं, की पुन्हा पहिल्यापासून. मूठ समोरच्याकडेच हवी, असा सरांचा कटाक्ष होता. शिस्त म्हणजे शिस्त. इतकी वर्षं आम्ही दोघं हेच करत आलो, बिचाऱ्यांच्या मनगटाचं पार भजं झालं.

मागच्या वर्षी लेकीला पुण्यात नोकरी लागली. दुपारची पाळी. कंपनीची गाडी रात्री कोपऱ्यावर सोडणार आणि तिथून खोलीपर्यंत हिनं एकटीनं चालत जायचं. आल्यागेल्याला मी हसून पेढे देत होते, पण आतून नुसती घाबरले होते. मग नेहमीसारखं केलं, चिडले. म्हटलं, "आधी वर्गात ये. माझ्या हातातून सुरी काढून दाखव, मगच पुण्याला जा. नाहीतर बस घरी."

"आई, मी काय लढाईला चाललेय?"

"मला शहाणपणा शिकवू नकोस."

ती आली नाही. आमचं बोलणं जेवणाच्या ताटापुरतं उरलं. रुजू व्हायला आठवडा राहिला होता. जाण्याची नुसती तयारी करून ठेवायला काय हरकत आहे, असं नवऱ्यानं मध्ये पडून ठरवलं आणि आम्हा दोघींना बॅग आणायला पिटाळलं.

चाकांची मोठी निळी बॅग घेतली. रिक्षावाल्यानं मुख्य रस्त्यावरच उतरवलं, म्हणून आम्ही जॉगिंग ट्रॅकच्या बाजूच्या गल्लीतून घराकडे निघालो. नुकते दिवे लागले होते. समोरून एक पंचविशीतला माणूस आला आणि मोबाइल मागायला लागला. हातात सुरी, आपली भाजी चिरायची असते तशी.

आणि मंडळी, मी सुरी काढून घेतली. खोटं नाही सांगत. बाजूला सरकले, मनगट धरलं, पिरगाळलं, सुरी माझ्या हातात. सरांनी बघायला हवं होतं.

मग मी सुरीची मूठ त्याच्याकडे केली, ती त्याला परत दिली आणि कमरेत वाकले.

त्यानंही ती घेतली. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. पुढं काय करायचं ते दोघांनाही सुचेना. सराव असता तर तो पुन्हा अंगावर आला असता. पाय जमिनीला चिकटले. इतक्या वर्षांचं शिकलेलं सगळं एका क्षणात कुठं गेलं कोण जाणे.

तेवढ्यात माझ्या शेजारून निळी बॅग सुटली आणि त्याच्या नडग्यांवर जाऊन आदळली. पाठोपाठ लेकीचा आवाज. "आग! आग लागली! आग!" सहावीत ऐकलेलं, पठ्ठीनं जपून ठेवलं होतं. वर खिडक्या उघडल्या, बाल्कनीत माणसं आली. तिनं माझं मनगट घट्ट पकडलं आणि मला ओढत पळत सुटली, ती थेट मेडिकलच्या उजेडात येऊन थांबली. तो माणूस उलट्या दिशेनं कधीच पसार झाला होता; बॅग मागून बाल्कनीतल्या लोकांनी आणून दिली.

चौकीत हवालदारांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग पेन खाली ठेवून म्हणाले, "मॅडम, हातात आलेली सुरी परत का दिलीत?"

"सवय," मी म्हटलं. लेक भिंतीकडे तोंड करून हसत होती. मग हसता हसता रडायला लागली, आणि मी पण.

सरांना सांगितलं तर ते हसले नाहीत. "चूक माझी आहे," म्हणाले. "मीच तुम्हाला परत द्यायला शिकवलं." त्या दिवसापासून आमच्या वर्गात सुरी परत देणं बंद. काढून घेतली की लांब फेकायची आणि "आग" ओरडत पार्किंगच्या गेटपर्यंत पळायचं. संध्याकाळी सोसायटीत गुडघे धरून पळणाऱ्या बायका दिसल्या तर समजा, आमचा वर्ग सुटलेला नाही, भरलेला आहे. वॉचमन सुरुवातीला दोनदा पाण्याची बादली घेऊन धावला.

अटीचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही. रविवारी तिला सोडायला ठक्कर बाजारच्या स्टँडवर गेलो. बॅगेचं एक चाक त्या माणसाच्या नडगीवर खर्ची पडलं होतं, म्हणून ती खडखड करत तिरकी चालत होती. नवी घेऊ म्हटलं, तर म्हणाली, "हीच बरी. हिचा अनुभव आहे."

बस सुटायच्या आधी तिनं खिडकीतून हात बाहेर काढून माझं मनगट धरलं. त्यावर अजून तिच्याच बोटांचे वळ होते, पिवळे पडत आलेले. धरलेलं मनगट कसं सोडवायचं, हे आम्हाला सगळ्यात आधी शिकवतात. अंगठ्याच्या बाजूनं झटका द्यायचा, बस. मी झोपेतसुद्धा सोडवीन. मी तशीच उभी राहिले. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली, कंडक्टरनं बेल मारली, नवरा म्हणाला, "अगं, चल."

शेवटी तिनंच हात सोडला.