शेपटीकडचं पाणी

कॉर्नी पेनरचे कान ट्रॅक्टरांनी कधीच खाऊन टाकले होते. इंजिनाची तब्येत बघायची तर तो स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचा आणि मूठ दातांत धरून त्याची थरथर ओळखायचा. कॅन्ससच्या त्या पट्ट्यात लोक त्याला ‘इंजिन चावणारा’ म्हणत. पण चावून पास झालेल्या इंजिनाच्या आवरणाला आतून तो खिळ्याने आपल्या नावाची दोन अक्षरं कोरायचा, आणि ती कोरल्याशिवाय क्लाइडच्या कारखान्यातलं विमान शेडबाहेर पडत नसे.

१९२८च्या नोव्हेंबरात, एका शनिवारी, डॉक्टर हॅटी स्वतः चालवायचं विमान ठरवायला आल्या. लांबच्या शेतांवरच्या बाळंतिणींपर्यंत बर्फात त्यांची मोटार पोचत नव्हती.

मालक क्लाइडने महायुद्धातून उरलेल्या इंजिनाचं खोकं उघडलं. “हे बसव. पाण्याने थंड होणारं. स्वस्त, आणि घरात आहे.”

“बाईंना वाऱ्याने थंड होणारं द्या,” कॉर्नी म्हणाला.

“तिप्पट किमतीचं? का रे, लढाईचं इंजिन तुम्हा शस्त्र न धरणाऱ्या मेनोनाइटांच्या धर्मात बसत नाही?”

“थंडीत पाणी गोठतं, मालक.”

“म्हणून तर संध्याकाळी काढून टाकायचं! तुझा भाचा डीट विसरला आणि जिवाला मुकला. बाई काही विसरायच्या नाहीत. काय हो बाई?”

“आजवर कुणाच्या पोटात कात्री विसरले नाही,” बाई म्हणाल्या, “पाणी कसं विसरेन?”

दोघंही हसले. कॉर्नीला हसू आलं नाही. दोन हिवाळ्यांपूर्वी डीट विमान घेऊन उडाला आणि गव्हाच्या कोठारामागे कोसळला. पाणी काढलं नसणार, असं गावाने ठरवून टाकलं. कॉर्नीची बहीण लीना, डीटची आई, तीही म्हणायची, “पोरगा धांदरटच होता माझा.” तेव्हा तिच्या टेबलाशी बसलेला कॉर्नी बशीकडे बघायचा.

“अक्षरं कोरणार की दुसरा माणूस बघू?” क्लाइडने विचारलं.

कॉर्नीने हातातला खिळा खोक्यावर ठेवला.

“डीट विसरला नव्हता. त्याचं पाणी मी काढलं होतं. ट्रॅक्टरचं काढतो तसं, पुढची तोटी उघडून. ट्रॅक्टर सपाट उभा असतो. विमान शेपटी टेकून, नाक वर करून. पाणी मागे पंपात राहिलं, गोठलं, पंपाला चीर गेली, आणि हवेत इंजिन तापून बंद पडलं. शेपटी उचलून बघायचं मला सुचलं नाही.”

कॉर्नी बाईंकडे वळला. “धांदरट मीही नव्हतो, बाई. आणि परक्याच्या अंगणात, आत बाळंतीण ओरडत असताना, तुमच्या विमानाची शेपटी कोण उचलणार?”

बाईंनी हातमोजे चढवले. “वाऱ्याचं बसवा. आणि अक्षरं यांचीच हवीत.”

क्लाइडने झाकण परत ठोकलं. दोन-तीन खिळे वाकडे गेले.

रविवारी प्रार्थनाघरात ही गोष्ट पोचणारच होती. कॉर्नी त्याआधी लीनाच्या दारात उभा राहिला. ती दर शनिवारसारखे दुमजली पाव करत होती: खाली मोठा गोळा, वर छोटा.

“काय रे, आज लवकर? पाव व्हायचेत अजून.”

“लीना, डीट धांदरट नव्हता,” तो म्हणाला, आणि सगळं सांगितलं.

तिने छोटा गोळा मोठ्यावर ठेवला, अंगठ्याने दाबला. मग दाबतच राहिली, अंगठा खालच्या लाकडी फळीला टेकेपर्यंत.